एकतीस दिवसवाला

कॅप्टन साडेबाराला येणार होता, आणि घरात दोन तट पावणेदहालाच पडले होते.

एका तटात सासूबाई आणि नणंद. दुसऱ्यात सासरे, एकटे. नवरा नेहमीसारखा मध्ये. लिफ्ट तपासणारा सरकारी माणूस. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्यांशी गोड बोलून वेळ काढायचा, ही त्याची नोकरीच होती. सून कोणत्या तटात, हे अजून कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नव्हतं. रुग्णालयाच्या भांडारात तिने बावीस वर्षं काढली होती. मागणीपत्र हातात पडल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, हे ती नोकरीत शिकली आणि सासरी वापरत आली.

"जेवायला म्हणजे अगदी जेवायला?" नणंदेने विचारलं. ती वकील होती, आणि रविवारीही तिचे प्रश्न काळा कोट घालूनच यायचे. "चहावर भागलं नसतं?"

"जेवायला," सासरे म्हणाले. "मी बोलावलंय."

"बोलावणार तुम्ही. रांधणार कोण?"

"मी रांधणार," सासूबाई म्हणाल्या. "येऊ दे त्याला. मी हो म्हटलंय ना? मग आता त्यावर कीस नको."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नणंद बघतच राहिली. आपला अशील ऐन सुनावणीच्या दिवशी समोरच्या पक्षाला मासे तळून घालणार म्हटल्यावर वकिलाने करायचं तरी काय?

या घरात कॅप्टनला दुसरं नाव नव्हतं. तो 'एकतीस दिवसवाला'. मुलांना मुळाक्षरांच्या आधी त्याची गोष्ट ठाऊक झाली, आणि सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिलाही ती सांगण्यात आली; घरातला नळ कुठे गळतो हे नव्या माणसाला सांगावं, तशी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांची पाणबुडी साठ दिवसांच्या गस्तीवर गेली. एकोणतिसाव्या दिवशी इकडे त्यांचं पहिलं मूल, नऊ महिन्यांचा मुलगा, तापाने गेलं. नौदलाच्या कचेरीने तसा संदेश बोटीवर धाडला. कॅप्टनने तो वाचला, खिशात घातला आणि पुढचे एकतीस दिवस त्या बापाला रोज समोर पाहूनही चकार शब्द काढला नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा बाजूला घेऊन सांगितलं. बाप त्या सकाळी दोन महिन्यांची दाढी तासून उतरला होता. बाळाच्या गालाला टोचू नये म्हणून.

गोष्ट इथे संपायची. पुढे सासूबाई फक्त म्हणायच्या, "एकतीस दिवस." आणि ज्याला जे भांडं घासायला असेल तो ते घासायला लागायचा.

*

साडेदहाच्या सुमाराला सासऱ्यांनी सुनेला खोलीत हाक मारली. "स्टोअरकीपर, जरा येऊन जा."

ते खुर्चीवर बसून बूट पुसत होते. पुसायला काही उरलेलं नव्हतं. त्या बुटांत माणसाचं तोंड दिसत होतं आणि तरी फडकं चाललंच होतं. बोटीवर त्यांचं काम हवेचं. माणसं किती, श्वास किती, प्राणवायू किती उरला, विषारी वायू किती साचला, हे दर तासाला मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिकडे त्यांना हवेवाले म्हणत. एकवीस वर्षं ही नोकरी केलेला माणूस घरात कसा वागणार? चारच्या वर पाहुणे आले की हे उठून खिडकी उघडायचे. मग बाहेर कितीही गारठा असो. पाहुण्यांना वाटायचं, आपण जावं असं सुचवतायत. पुष्कळदा ते खरंही असायचं.

"बस," ते म्हणाले. "तुला एक काम सांगायचंय."

"बूट झालेत तुमचे."

"बुटांचं नाही." त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "गस्तीवर निघायच्या आदल्या दिवशी आम्हाला एक कागद भरायला लागायचा. प्रत्येकाला. घरी काही वाईट झालं, कुणी गेलं, तर बोट पाण्याखाली असताना तुम्हाला कळवायचं की नाही. दोन चौकोन असायचे. कळवा. कळवू नका. एकावर फुली मारायची आणि सही करायची."

भांडारात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कागद म्हटल्यावर पुढचं थोडं आधीच दिसतं.

"तुम्ही कुठे मारलीत?"

"दुसऱ्यावर."

"म्हणजे कॅप्टनने..."

"कॅप्टनने माझ्या सहीचा मान राखला. बस, एवढंच. त्याची काही चूक नाही."

बाहेर नणंद फोनवर कुणाला तरी झापत होती. सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं.

"आम्ही सगळे बहुतेक तिथेच मारायचो गं. कळवून करणार काय? बोट माघारी वळत नाही. दार उघडून बाहेर पडता येत नाही. रडायला कोपरा नाही. झोपायला पथारी नाही स्वतःची. दुसरा उठला की त्याच्या गरम जागेवर आपण आडवं व्हायचं. तिथे एक माणूस बिघडला तर बाकीच्यांच्या हवेतही ते पसरतं. तरुण होतो. वाटलं, माझ्या घरी काय होणार? सगळी धडधाकट."

"आणि परत आल्यावर? आईंना का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो. तोवर तिने कॅप्टनला धरलं. तिला कुणाला तरी धरायला हवं होतं. मी म्हटलं, धरू दे. मग पोरं झाली, पोरांनीही त्यालाच धरलं. नंतर नंतर तर मलाही वाटायला लागलं की त्याचंच चुकलं असेल."

इतक्या वर्षांत सुनेने त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा दमलेला होता. दम लागलेला नव्हे, दमलेला. जिना चढून येणाऱ्या माणसाला लागतो तो दम पाच मिनिटांत जातो. हा तसा नव्हता.

"तो शहाऐंशीचा झालाय. छातीचं ऑपरेशन झालं. पत्र आलं त्याचं, एकदा भेटून जातो म्हणून. दोष उतरव असं एका अक्षराने म्हटलेलं नाही त्याने. तो म्हणणारही नाही. पण इथे येऊन तो तिचं ऐकून घेणार आणि मी समोर बसून जेवणार, हे आता मला जमायचं नाही." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "तेव्हा तू तिला सांग. तो यायच्या आत. तुझं ती ऐकते."

हे होतं तर काम. सुनेने मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सांगितलं तर सासऱ्यांचा जीव सुटेल, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र ही बातमी जन्मभर सुनेचंच तोंड घेऊन येत राहील. नाही सांगितलं आणि हिला ठाऊक होतं हे उद्या कळलं, तर सासूबाई एक अवाक्षर बोलणार नाहीत, आणि त्यांचं न बोलणं काय असतं हे कॅप्टनला विचारावं.

पण तिला बोचलं ते वेगळंच होतं.

"बाबा, तेव्हाही तुमची बातमी दुसऱ्याच्याच खिशात होती," ती म्हणाली. "आता माझ्या घालताय?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. मग उठून, खोलीत दोनच माणसं असतानाही, त्यांनी खिडकी उघडली.

*

स्वयंपाकघरात सासूबाई उकडलेले बटाटे सोलत होत्या. चटके बसत होते, तरी थंड व्हायची वाट बघत नव्हत्या.

"काय म्हणत होते?"

"तुमच्याशी बोलायचंय म्हणाले."

"चव्वेचाळीस वर्षं राहिलंय ना? मग साडेबारानंतर बोला म्हणावं." त्यांनी एक बटाटा तिच्याकडे सरकवला. "घे. साल जाड नको काढूस."

दोघी थोडा वेळ सोलत राहिल्या. मासे मीठ लावून थाळीत पडले होते. सासूबाई दाराकडे पाठ करून, बटाट्याशी बोलावं तशा बोलल्या.

"तुझ्या नणंदेला वाटतंय, मी त्याला माफ करायला येऊ देतेय. मला त्याला एक विचारायचंय. म्हणून हो म्हटलं."

"काय विचारायचंय?"

"तुला तरी सांगते. पोरांना नाही सांगितलं कधी." सुरी थांबली, पुन्हा चालली. "बोटीवर आम्हाला पत्रं पाठवता यायची नाहीत. दर शुक्रवारी कचेरीत जाऊन एक संदेश द्यायचा. चाळीस शब्द. त्यापेक्षा एक जास्त झाला तरी तिथला कारकून खोडायचा. तिकडून उत्तर यायचं नाही. बोट नुसतं ऐकते, बोलत नाही, बोलली तर सापडते, असं सांगायचे. संदेश आधी कॅप्टन वाचणार, मग माणसाला देणार. तर बाळ गेलं त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी गेलेच नाही. दुपारी तो कारकूनच घरी आला. भला माणूस होता बिचारा. म्हणाला, बाई, तुमचा संदेश थांबला तर त्याला संशय येईल. इतर सगळ्यांचे येणार आणि त्याचाच नाही. काहीतरी लिहून द्या. वाईट लिहिलंत तर पुढे जाणार नाही, तेव्हा चांगलंच लिहा."

सुनेच्या हातातलं साल तुटलं.

"मग लिहिलं," सासूबाई म्हणाल्या. "खालचा दात आला. पुढच्या शुक्रवारी, धरून उभा राहतो. मग कुत्रा बघितला की टाळ्या वाजवतो. चार लिहिले असे. बोट लागेपर्यंत."

"आई."

"ऐकून घे, तोंड नको पाडूस. ते चारही त्या माणसाने वाचले. पोर गेल्याचा कागद खिशात, आणि हातात दात आल्याचा कागद. वाचले आणि यांच्या हातात दिले. तेव्हा त्याला काय वाटलं, एवढंच विचारायचंय मला. मग खुशाल मासे खाऊन जा म्हणावं."

"बाबांनी कधी विचारलं नाही? त्या चार संदेशांबद्दल?"

"नाही. त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही." त्यांनी सालं गोळा करून डब्यात टाकली. "एवढं शहाणपण दोघांकडेही होतं."

सून मुकाट्याने तवा घासायला लागली. तवा घासलेलाच होता. तासाभरात दोन्ही कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या होत्या, आणि एकाही कपाटातलं काही वाटायची तिला परवानगी नव्हती.

*

कॅप्टन बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी दारात उभा राहिला आणि मिनिटभर बेल न वाजवता थांबला. नवऱ्याने झरोक्यातून पाहिलं म्हणून कळलं. एवढी वर्षं ऐकून ऐकून सुनेने मनात जो दणकट माणूस उभा केला होता, त्याच्या जागी कॉलर मानेपेक्षा दोन बोटं मोठी झालेला एक म्हातारा होता. हातात काही आणलं नव्हतं. काय आणावं हे त्यालाही सुचलं नसावं. त्याने सासूबाईंना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "बसा. जेवण गार होतंय."

सासऱ्यांना त्याने "हवेवाले" म्हणून हाक मारली आणि दोघे जण एकमेकांचे दंड धरून थोडा वेळ नुसते उभे राहिले.

टेबलाशी सगळे बसले. पाव, बटाटे, मासे. दोन्ही म्हातारे ताटावर पुढे वाकून, डावा हात ताटाभोवती धरून, भराभर जेवत होते. मागून कुणी जागा रिकामी होण्याची वाट बघतंय, असे. नवऱ्याने हवा-पाण्याच्या गप्पा काढल्या. कॅप्टनने जिन्याची चौकशी केली. लिफ्ट चांगली आहे म्हणाला. नवरा लिफ्टच्या दोरांवर बोलायला लागला तेव्हा नणंदेने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"माफ करा, पण आपण लिफ्टसाठी जमलो नाहीये."

"ताई, जेवू दे त्यांना," नवरा म्हणाला.

"जेवू देत की. मी कुठे ताट ओढतेय?" तिने कॅप्टनकडे पाहिलं. "माझा थोरला भाऊ गेल्याचं तुम्हाला त्याच दिवशी कळलं. बरोबर?"

"दुसऱ्या दिवशी पहाटे."

"आणि माझ्या वडिलांना एकतीस दिवसांनी."

"हो."

"का?"

"नियम होता," कॅप्टन म्हणाला.

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते माशातला काटा काढत होते. त्या माशाला आता काटा उरला नव्हता.

"थांब गं," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "तुझं नंतर. माझं आधी." त्या कॅप्टनकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव विचारावा तेवढाच होता. "त्यानंतर मी चार संदेश पाठवले. दात आला, उभा राहिला, असे. आठवतायत?"

नणंदेने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. दोघांनाही हे नवं होतं.

"आठवतात," कॅप्टन म्हणाला.

"वाचून काय वाटलं तुम्हाला?"

कॅप्टनने पावाचा तुकडा ताटात ठेवला.

"पहिला आला तेव्हा वाटलं, कचेरीची चूक झाली. आधीचा संदेश दुसऱ्या कुणाचा तरी होता. मूल आहे. विचारायची सोय नव्हती. आम्ही बोलू शकत नव्हतो. आठवडाभर मी तेच धरून चाललो. मूल आहे, मूल आहे. यांच्याशी नीट बोललोसुद्धा त्या आठवड्यात. पुढच्या शुक्रवारी दुसरा आला. तेव्हा मी शब्द मोजले."

"शब्द?"

"चाळीस होते. पहिलाही चाळीसच होता. तुमचे त्याआधीचे संदेश मी वाचले होते बाई. तुम्हाला कधी वीस शब्दांच्या वर लागले नव्हते. 'सर्व ठीक, बाळ मजेत, तब्येत जपा.' एवढंच. ती बाई अचानक चाळीसच्या चाळीस भरायला लागली. तेव्हा कळलं मला, मूल नाही."

"मग थांबवायचे होते," नणंद म्हणाली. तिचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. "हे माहीत असून तुम्ही ते कागद माझ्या वडिलांच्या हातात देत राहिलात?"

"हो."

"कोणत्या नियमाने? त्यांना विचारलं होतंत, कळवू की नको म्हणून?"

कॅप्टनने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. सुनेने ते नीट टिपलं. ज्याला बघायचं नसतं तो असाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

"नाही," तो म्हणाला. "विचारलं नव्हतं."

ही त्याची भेट होती तर. रिकाम्या हातांनी आलेला माणूस चव्वेचाळीस वर्षांचा दोष आणखी एकदा, साक्षीदारांसमोर, आपल्या अंगावर घेत होता. सासऱ्यांनी फक्त पुढचा घास घ्यायचा होता. आता हा घास त्यांनी घेतला तर तिलाच बोलावं लागेल, आणि आपण बोलणार नाही हेही तिला त्याच क्षणी कळलं.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"विचारलं होतं," ते म्हणाले.

"हवेवाले, राहू द्या," कॅप्टन म्हणाला.

"निघायच्या आधी कागद भरायचा असायचा. कळवा, कळवू नका. मी कळवू नका म्हटलं होतं. सही माझी होती." हे सगळं ते मुलीकडे बघून बोलले. मग मान वळवली आणि बायकोकडे बघून पुन्हा म्हणाले, "सही माझी होती."

नवरा उठून उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं हे न सुचल्यामुळे पाण्याचा जग घेऊन आला. नणंदेने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. जन्मापासून चालवलेला खटला डोळ्यांदेखत निकालात निघाला की माणूस असंच हातांकडे बघतं. थोड्या वेळाने तिने बटाट्यांचं भांडं उचलून कॅप्टनच्या बाजूला सरकवलं. एवढंच तिला सुचलं.

"किती गस्ती केल्यात तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"अकरा."

"ती चौथी होती. म्हणजे त्यानंतर सात."

"सात."

"दर वेळी कागद भरायचा?"

"दर वेळी."

"या सात वेळी फुली कुठे मारलीत?"

हा प्रश्न सुनेच्या डोक्यात आला नव्हता. वकिलाच्याही नाही. सासऱ्यांनी उत्तर चुकवलं नाही.

"तिथेच. कळवू नका."

"पोर गेल्यावरही?"

"पोर गेलं म्हणूनच." त्यांचा आवाज फार हळू आला. "तुझे ते चार कागद मी सगळ्या बोटीला दाखवले. दात आला तेव्हा आचाऱ्याने साखरेचं पाणी वाटलं. उभा राहतो म्हटल्यावर पैजा लागल्या, बोट लागेपर्यंत चालतो की नाही. एकतीस दिवस तो तिथे होता. इकडे नव्हता, पण तिथे होता. मला आधी सांगितलं असतं तर तो माझ्यासाठी एकतीस दिवस आधी गेला असता. मी म्हटलं, पुढे कुणाचं काही व्हायचं असेल, तर तेवढे दिवस तरी मिळू देत."

कॅप्टनने डोळे मिटले होते.

"तुम्हाला मिळाले," सासूबाई म्हणाल्या. "तो शनिवारी गेला. दर शुक्रवारी मी त्याला उठवून बसवायची, दात आणायची, उभा करायची. आणि शनिवारी तो परत जायचा. चार वेळा." त्या उठल्या. "फळं कापलेली आहेत. कुणाला हवीत?"

कुणालाच नको होती. तरी त्यांनी आणली, आणि सगळ्यांनी खाल्ली.

*

कॅप्टन निघाला तेव्हा सासूबाई दारापर्यंत गेल्या. तो जिन्याच्या तोंडाशी थांबला.

"चव्वेचाळीस वर्षं शिव्या घातल्यात मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ."

"पोचत होत्या," कॅप्टन म्हणाला.

"मासे बरे झाले होते?"

"मीठ थोडं जास्त होतं."

"ते मुद्दाम घातलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा याल तेव्हा बेताने घालीन."

नवरा त्याला धरून खाली गाडीपर्यंत घेऊन गेला. नणंद बापाकडे न बघता मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. आईच्या बाजूने भांडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता समोर बाप होता, आणि बापाशी भांडायचं तर ते भांडण पहिल्यापासून मांडायला लागणार होतं. सासरे खोलीत गेले. दार नुसतं लोटलेलं.

सून ताटं उचलत होती. सासूबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊक होतं."

"सकाळपासून."

"मला सांग म्हणाले असतील तुला."

"हो."

"आणि तू नाही सांगितलंस."

"ते त्यांनी सांगायचं होतं, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाची तयारी तिने ठेवली होती, रडण्याचीही ठेवली होती. सासूबाईंनी तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि मोरीत ठेवली.

"माझं त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. हात पुसले आणि खोलीकडे चालू लागल्या. चालताना एकदा भिंतीला हात टेकला.

गॅलरीतून नणंद आत आली. "आई कुठे चाललीय? थांब, मी पण येते. आता बाबांना मी..."

"ताई," सून म्हणाली, आणि बोळाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "नंतर."

"तू मला अडवतेस, स्टोअरबाई?"

"हो."

नणंदेला राग आला होता, पण ती थांबली. आतून आवाज येत होता. दोघींनाही ऐकू येत होता, आणि दोघींपैकी एकही हलली नाही.

"पलंगावर नको, इथे समोर बसा," सासूबाई म्हणत होत्या.

"अगं, मी काय म्हणतो..."

"तुमचं सांगून झालं. आता माझं आहे. तो आजारी पडला त्या दिवसापासून शनिवारपर्यंतचं. पाच दिवसांचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कुणालाच सांगितलं नाही."

मग सासऱ्यांचा आवाज, अगदी बारीक. "आता कशाला? इतकी वर्षं झाली. तुलाही त्रास, मलाही."

"फुली मारायला आता कागद नाही तुमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या बसल्या असाव्यात. पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चाळीस शब्दांची घाई नव्हती. कारकून नव्हता.

"मंगळवार होता. सकाळी त्याने दूध घेतलं नाही."